उपाशी पाणी

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं उंबऱ्यात बसून अंड्याची टरफलं कुटत होतो. म्हणजे कुटत मी होतो, अनुसया बघत होती. चौकातल्या बुर्जीच्या गाडीवरून मी पिशवीभर टरफलं आणलेली. तिनं ती उकळून, आतला पातळ पापुद्रा सोलून गच्चीवर वाळवलेली. सोलापूरचं ऊन, त्याला काय तोटा... दुपार व्हायच्या आत कडकडीत. खलबत्त्यात चार दणके घातले की मी थांबायचो, आणि ती दोन बोटांत पूड घेऊन चोळून बघायची. "अजून खरखरीत हाय." मी म्हणालो, "अगं, पेटीतल्या गोगलगायी हायत का पावणे?" तर म्हणाली, "पावण्यांस्नी दात असत्यात. कुटा." मी कंटाळून म्हणालो, ह्या हातांनी आयुष्यभर शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले, आता टरफलं कुटायची पाळी आली. "व्हॉल्व्ह फिरवायचा तवा लोकं शिव्या द्यायची. आता कोण देतंय का? मग कुटा की गप." एवढं बोलून गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पूड चहाच्या गाळणीतून गाळायला आत गेली.

दुपारी जेवण झाल्यावर छातीत जड वाटतंय म्हणाली. मला वाटलं पित्त असंल. रिक्षा आणली, तिनं लुगडं बदललं, दाराला कडी घातली का ते स्वतः ओढून बघितलं. संध्याकाळी ती दवाखान्यातच गेली. एवढंच. ह्याच्यावर जास्त लिहायला मला जमत नाही, आणि जमलं तरी लिहिणार नाही.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. पेपरच्या पुरवणीत लोक मोठ्या माणसांवर लिहितात, ते मी चष्मा लावून वाचतो. आमची अनुसया मोठी नव्हती. तिनं विड्या वळल्या, दोन लेकरं वाढवली, आणि शेवटची काही वर्षं काचेच्या पेटीत गोगलगायी आणि नखाएवढ्या कोळंब्या पाळल्या. त्या कोळंब्या खायच्या नाहीत, बघायच्या. पण ती जाऊन आता दोन महिने होत आले आणि मला घरात बूड टेकवून बसता येत नाही. चहा ठेवतो आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन येतो, तोवर चहा उतू जातो. रात्री अंथरलेलं सकाळी तसंच असतं. पाय आपोआप जुन्या लाइनीवर जातात, जिथं जिथं माझे व्हॉल्व्ह होते तिथं जाऊन मी झाकणावर उभा राहतो आणि परत येतो. शेजारची म्हणाली, "मामा, बसा की जरा." कुठं बसू? तेव्हा म्हटलं, लिहून तरी बघू. हात तरी एका जागी राहील.

अनुसया मंगळवेढ्याकडची. तिच्या माहेरी ज्वारी आणि मेंढरं, पाण्याचं नाव नाही. सोयरीक जुळली तेव्हा तिच्या बापाला माझी नोकरी सांगितली, की पोरगा पाणीपुरवठ्यात चावीवाला आहे. म्हातारा म्हणाला, म्हणजे पाण्याचा मालकच की! मालक कसला... हातात छातीएवढी लोखंडी चावी, सायकलला बांधलेली. ज्या गल्लीची पाळी तिथलं झाकण उघडायचं, खाली वाकायचं आणि चावी फिरवायची. पाणी आलं की मी देव, उशीर झाला की मी चोर. पण एक गोष्ट होती. आमच्या गल्लीत माझा मान होता आणि मला त्याची गुर्मी होती. गल्लीच्या टोकाला एक हापसा होता, अजून आहे. त्याचं पाणी खारट, जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला आतून पांढरा थर धरतो, नखानं निघत नाही. लोक ते भांड्यांना आणि संडासाला वापरायचे. मी भरल्या गल्लीत सांगितलेलं, चावीवाल्याच्या घरात हापशाच्या पाण्याची एक घागर यायची नाही. अनुसया तेव्हा काही बोलली नव्हती. सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. ती बोलायची कमी आणि हात चालवायची जास्त. पान कातरलं, तंबाखू भरली, वळली, सुतानं बांधली, सगळं न बघता. बघायची ती रस्त्याकडं.

कंबर गेली तेव्हा विड्या सुटल्या. हाताला काम नाही म्हटल्यावर तिची अवस्था आज माझी आहे तशी झाली. डबे पुसायची, पुसलेले पुन्हा पुसायची. त्यातच आमच्या कोपऱ्यावरचं नाष्ट्याचं हॉटेल बंद झालं आणि मालकानं त्याचा फिशटँक रस्त्याकडेला आणून ठेवला. मासे विकून टाकलेले, तळाला खडे आणि सुकत आलेली दोन-चार झुडपं. ती म्हणाली, घेऊन चला. मी म्हणालो, रिकामी काच काय करायची? "गहू ठिवीन." हातगाडीवरून आणली. धुतली, पाणी भरलं, झुडपं जगतात का बघू म्हणून आत सोडली. थोड्या दिवसांनी मी दाढी करत होतो तर आतून हाक, "ओ, हिकडं या. हिच्यात कोण तरी हाय." काचेवर हरभऱ्याएवढं काहीतरी चढत होतं. पाठीवर शंख, पुढं दोन शिंगं. झुडपाला चिकटून आलेल्या गोगलगायी. मी म्हणालो, किडे आहेत, फेकून दे. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही. म्हणाली, "ज्यांना विकायचं हुतं त्यांना विकलं. ह्यांना कुणी मोजलंच न्हाय."

मग आमच्या घरात मुनीर आला. मुनीर म्हणजे रंगीत माशांच्या आणि कबुतरांच्या दुकानाचा मालक, पोरगेलासा वाटतो पण नातवंडं आहेत त्याला. त्याचा बाप मला ओळखायचा, त्यांच्या गल्लीलाही मीच पाणी सोडायचो. अनुसयानं त्याच्याकडून लाल कोळंब्या आणल्या आणि त्याला दुकानदार कमी, डॉक्टर जास्त करून टाकलं. एक दिवस मोठ्या गोगलगायीच्या शंखाला टोकाशी पांढरा खड्डा पडलेला दिसला. वाटीत पाणी घालून, गोगलगाय घेऊन गेली दुकानात. मुनीर म्हणाला, चाची, शंख कशाचा होतो? चुन्याचा. पाण्यात चुना कमी झाला की शंख झिजतो, कोळंबीला नवं कवच धरत नाही. कॅल्शियम पाहिजे. ती घरी येऊन मला सांगत होती तोवर मी तंबाखूच्या डबीतला चुना पुढं केला. "हे घाल की. चुना तो चुनाच." म्हणाली, "तुमची जीभ भाजलेली दिसती का न्हाय ह्यानं? आन् त्यांच्या अंगावर घालू व्हय?" नंतर मुनीरला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारला. त्या डबीतला चुना पडला असता तर सगळ्या तिथल्या तिथं मेल्या असत्या म्हणाला.

माझं ऐकलं नाही ते बरं झालं, पण तिनं स्वतःचं डोकं चालवलं ते ऐका. लेकरांच्या हाडाला काय लागतं? दूध. तर बाईनं गुपचूप चमच्यानं म्हशीचं दूध काचपेटीत सोडायला सुरुवात केली. पाणी ढगाळलं, मग वास मारायला लागलं. मी नाकाला रुमाल लावून बसलो तरी ही म्हणे, औषध लागू पडतंय. शेवटी मुनीरला बोलावलं. तो दारातच थांबला, वास घेतला आणि म्हणाला, "चाची, नागपंचमी हाय का आज? गोगलगाय हाय ही, नाग नव्हं!" मग स्वतः बाह्या सारून पाणी बदललं. अनुसया त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या कॅल्शियमच्याच आहेत ना, त्यातली एखादी टाक त्यांना. फटकन म्हणाली, "डॉक्टरनं त्या माझ्या नावावर दिल्यात." आणि ती एकही गोळी कधी चुकली नाही, हे मी मुद्दाम लिहितो. ती वेडी नव्हती. स्वतःचं तिला कळत होतं.

मग बसला सगळा नेम. अंड्याची पूड, चिमूटभर. पालक उकळून, कधी शेवग्याचा पाला. काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणायचा. समुद्रातल्या कुठल्याशा प्राण्याचं पांढरं हलकं हाड असतं ते, वैद्य लोक औषधाला घेतात. तो तुकडा पाण्यावर होडीसारखा तरंगायचा, म्हणून तिनं विडीच्या उरलेल्या सुतानं त्याला खडा बांधून तळाला बसवला. गोगलगायी त्याच्यावर रात्रभर चरायच्या, सकाळी बारीक ओरखडे दिसायचे. उन्हाळ्यात काचपेटीला ओलं गोणपाट गुंडाळायची, माठाला गुंडाळतात तसं. कोळंबी मोठी होताना कात टाकते. पहिल्यांदा तळाला ती कात बघून मी म्हणालो, एक मेली वाटतं, काढून टाकतो. माझा हात धरला तिनं. "मेली न्हाय. कपडे बदललेत. ते तसंच ऱ्हाऊ द्या, तिचं तीच खाती." आणि खरंच, संध्याकाळपर्यंत कोळंबीनं आपलीच कात कुरतडून संपवली. असं आतलं आत सगळं जिरवायचं... मला ते बघवायचं नाही. ती मात्र पाटावर बसून तासन्‌तास बघायची. मी विचारलं, काय दिसतं तुला त्यात? म्हणाली, "हात चालत्यात त्यांचे. सारखे. बघा की, विड्या वळल्यावानी."

आता ती गेली त्या दिवसाचं. आमच्यात माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून देतात. माठ, कळश्या, बादल्या, पिंप, सगळं. मी ओट्यावर बसलेलो, आत बायका पाणी ओततायत त्याचा आवाज येत होता. आयुष्यभर पाण्याचा आवाज ऐकला पण असला नाही ऐकला. मग आत भांडणासारखं काहीतरी सुरू झालं. गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणत होत्या, ही काचपेटीबी ओता, पाणी म्हंजी पाणी. आणि अनुसयाची धाकटी बहीण मथुरा, जी बार्शीहून नुकतीच पोचली होती, तिनं पेटीला मिठी मारलेली. "आत जीव हायत! माझ्या ताईचं जीव हायत!" म्हातारी हटेना. शेवटी मथुरानं परातीत थोडं पाणी घेतलं, एकेक गोगलगाय हातानं उचलून परातीत ठेवली, कोळंब्या गाळणीनं काढल्या, रडत रडत. मग पेटी ओतली. खडेसुद्धा धुतले, समुद्रफेस कुणीतरी घाण समजून टाकून दिला. आणि भरायची वेळ आली तेव्हा दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचे जार मागवलेले होते. मशीनमधलं गाळलेलं, पारदर्शक, गोड. मथुरा म्हणाली, ताईच्या जिवांना नळाचं गढूळ कशाला, हेच चांगलं. जारचं पाणी ओतलं आणि सगळ्या परत सोडल्या. जाताना मला बजावून गेली, "दाजी, कमी झालं की जारचंच घाला हां. हलकं असतंय, पोटाला बाधत न्हाय."

मी घालत राहिलो. आमच्यात ते काम माझं कधीच नव्हतं, मला काय माहीत? दर आठवड्याला जारवाला यायचा, मी एक स्वतःला घ्यायचो आणि त्यातलंच पेटीत ओतायचो. थोरल्या पोराचा पुण्याहून फोन यायचा, "दादा, ते सगळं कुणाला तरी देऊन टाका आणि इकडं या." मी बघू म्हणायचो आणि खलबत्ता घेऊन बसायचो. टरफलं मात्र मी सोडली नाहीत. एवढी एकच गोष्ट मला येत होती. बुर्जीवाला म्हणायला लागला, आबा, तुम्ही टरफलं खाता का काय? रोज कुटायचो, रोज घालायचो, चिमूट सोडून मूठभर. तळाला पांढरं झालं सगळं, खडे दिसेनात. आणि तरी गोगलगायींच्या शंखावर खड्डे पडत चालले. कडेचा नवा भाग कांद्याच्या सालीसारखा पातळ, आरपार उजेड दिसेल असा. एके दिवशी एक कोळंबी आडवी पडलेली दिसली. मला वाटलं कात आहे. राहू दे म्हटलं, खाईल. संध्याकाळीही तशीच. बोटानं हलवली तर ती कोळंबीच होती. मानेशी कवच फाटलेलं, पांढरी रेघ पडलेली, अर्धी आत, अर्धी बाहेर. निघताच आलं नाही तिला. मी तिथंच खाली बसलो. जगात काय काय होतं, एका नखाएवढ्या कोळंबीसाठी म्हातारा माणूस फरशीवर बसलाय, लोक हसतील. हसू देत. मला एवढंच दिसत होतं की तिच्या हातची जेवढी जिवंत गोष्ट ह्या घरात उरली आहे, ती माझ्या डोळ्यांदेखत झिजते आहे. आणि मी कुटतोय.

मुनीरकडं गेलो. चप्पल न बदलता, घरातल्या स्लिपरवर. मेलेली कोळंबी वहीच्या कागदात गुंडाळून नेलेली. त्यानं बघितली, आणि टरफलांचं वगैरे काही विचारलं नाही. एकच विचारलं, "चाचा, पानी कौनसा डालते?" मी म्हणालो जारचं, चांगलं. तो खुर्चीवरून उठला. "जार का? वो तो उपाशी पाणी हाय, चाचा! मशीन सगळं काढून घेतंय त्याच्यातलं. चुना न्हाय, काय न्हाय. तुम्ही वरनं टरफल किती बी घाला, ते विरघळायला महिना लागंल, तवर हे पाणीच त्यांच्या अंगातलं चाटून खाणार." मी म्हणालो, मग ती काय नळाचं घालायची का? मुनीर माशांकडं बघायला लागला. मी म्हणालो, बोल की. "चाचा, आता चाची न्हाय तर सांगायला हरकत न्हाय. हापशाचं घालायची. तुम्ही सकाळी चहाला बाहेर गेले की कळशी घेऊन जायची. मीच सांगितलेलं, बादलीला जो पांढरा थर धरतो ना, तेच पायजे गोगलगायीला. चाची म्हणली, आमच्या चावीवाल्याला सांगू नकोस, त्याच्या घरात हापशाचं पाणी येत नसतंय."

मी दुकानात उभा होतो. पिंजऱ्यातली कबुतरं घुमत होती. मला हसायला आलं, खोटं कशाला लिहू... आणि मग हसता येईना. एवढी वर्षं शहराला पाणी सोडलं आणि माझ्या घरात रोज कुठलं पाणी येतंय ते मला माहीत नव्हतं. ती गुडघे धरून चालणारी बाई, कळशी घेऊन, मी यायच्या आत. माझी फुशारकी मोडू नये म्हणून. की मला चुकवून जाण्यात तिला गंमत वाटत होती? मला हेच खरं वाटतं. ती त्यात मनातल्या मनात हसत असणार.

मुनीरनं इलाज सांगितला. हापशाचं पाणी घालायचं, पण एकदम नाही. रोज तांब्याभर काढायचं, तांब्याभर घालायचं. एकदम बदललं तर त्या धक्क्यानंच जातील. "व्हॉल्व्ह उघडल्यावानी नक्को, चाचा. आस्ते." आणि म्हणाला, सगळ्या एका ठिकाणी ठेवू नका. अर्ध्या माझ्याकडं आणून द्या, दुकानातल्या टाकीत ठेवतो. एखाद्या ठिकाणी दगा झाला तर दुसरीकडं तरी राहतील. मी म्हणालो, उद्या सकाळी आणतो. ठरलं.

संध्याकाळी मथुराचा फोन आला. रोज यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "ताईच्या गोगलगायी बऱ्या हायत का?" एरवी मी व्हय म्हणायचो. त्या दिवशी मी म्हणालो, "मरायला लागल्यात. तुझ्या जारच्या पाण्यानं." आणि सगळं सांगितलं, उपाशी पाणी, चुना, हापसा. मला गोड बोलता येत नाही, कधीच येत नव्हतं, अनुसया असती तर तिनं फोन हिसकावून घेतला असता. मी हॅलो हॅलो केलं. मग मथुरा म्हणाली, "दाजी, ताई गेली त्या दिवशी मला तिचं तोंड बी नीट बघता आलं न्हाय. एवढं एक काम तिचं नीट केलं, असं म्हणून मी झोपत हुते." आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. उचलला नाही. खरं ते बोललो होतो. पण खरं बोलून घरात एक माणूस कमी झाल्यासारखं वाटलं. अनुसयाचं नाव रोज घेणारी ह्या जगात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकीनं फोन ठेवला.

सकाळी उजाडताच कळशी घेऊन हापशावर गेलो. भांडी घासणाऱ्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या. एक म्हणाली, "मामा, तुमी? नळाला पाणी न्हाय व्हय?" मी म्हणालो, "हाय. हेच पायजे." हापसा दणकट, दांडा वर जाताना खांदा दुखला. कळशी घरी आणली, तांब्याभर पाणी काढलं, तांब्याभर घातलं. मग कडीचा डबा घेतला, पेटीतलंच पाणी भरलं, वर थोडं हापशाचं घातलं, आणि अर्ध्या गोगलगायी त्यात सोडल्या. निवडल्या नाहीत, हाताला आल्या त्या. मुनीरकडं जायला निघालो. त्याचं शटर अर्धं उघडलेलं, तो आत झाडत होता. मी समोरून गेलो. हाक मारली नाही. रिक्षा केली आणि एस्टी स्टँडवर जाऊन बार्शीच्या गाडीत बसलो. डबा मांडीवर, झाकण थोडं तिरकं, हवा जावी म्हणून. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, कालवण सांडंल." मी म्हणालो, कालवण नाही, पावणे आहेत. त्यानं वाकून बघितलं, तिकीट फाडलं आणि पुढं गेला. खड्डा आला की मी डबा दोन्ही हातांनी उचलून धरायचो.

मथुराचं दार तिनंच उघडलं. डोळे सुजलेले. आत या म्हणाली नाही. "दाजी? काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, डबा धर. तिनं धरला, झाकण काढलं, बघितलं, आणि परत माझ्या हातात द्यायला लागली. "माझ्याकडं कशाला? काल तर म्हणालात मीच..." मी म्हणालो, "काल म्हणालो ते खरं हाय. आज ह्या तुझ्याकडं ठिवायच्या म्हणतोय, ते बी खरं हाय." ती उंबऱ्यात उभी राहिली. मी बाहेर. मग तिनं विचारलं, "पाणी कुठलं घालू?" तिच्या घरामागं आड आहे, भांड्यांना वापरतात. आम्ही दोघं मागं गेलो. तिनं पोहरा सोडला, पाणी काढलं, बादलीच्या आतली पांढरी कड नखानं खरवडून बघितली. डबा सावलीत ठेवला आणि त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"किती घालायचं?"

"वाटीभर. उद्या अजून वाटीभर."

"जगतील का, दाजी?"

"ठाऊक न्हाय."

"आन् न्हाय जगल्या तर?"

"तर फोन कर," मी म्हणालो. "आन् मी काय वाकडं बोललो तर मधीच ठिवू नको."

मथुरानं पदर खोचला, आणि वाटी आडाच्या पाण्यात बुडवली.